भ्रष्ट प्रत आणि दुसरी किल्ली

‘करप्ट’ हा शब्द आमच्या पिढीने प्रथम ऐकला तो माणसांबद्दल. अमुक साहेब करप्ट आहे, तमुक खाते करप्ट आहे, असे आम्ही बिनदिक्कत म्हणत असू. आता नातवंडे सांगतात, ‘आजोबा, फाइल करप्ट झाली.’ फाइलने कोणाकडून पैसे खाल्ले, असा प्रश्न क्षणभर मनात येतो आणि मग ध्यानात येते, की मराठीला हा अर्थ काही नवा नाही. हस्तलिखितांच्या जमान्यात नकलाकाराच्या हातून अक्षरे गळाली, नव्या ओव्या घुसल्या, पाठ बिघडला, की त्या प्रतीला ‘भ्रष्ट प्रत’च म्हणत. ज्ञानेश्वरीच्या अशा बिघडलेल्या प्रती पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्या व्यासंगाबद्दल आपण नेहमी बोलतो. पण हे काम शक्य झाले त्याचे एक साधे कारण आपण विसरतो. प्रती अनेक होत्या. एकीत गळालेले दुसरीत सापडू शकत होते. प्रत एकच असती आणि तीच भ्रष्ट झाली असती, तर नाथांनी तरी काय केले असते?

हा प्रश्न आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अगदी रोकडा होऊन उभा आहे. पानाच्या डब्याएवढी एक काळी पेटी, तिला एक वायर. तिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतात. ग्रामसभेच्या कपाटात ती आहे, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात ती आहे, गोंडी-माडिया गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या हौशी तरुणाच्या पिशवीत ती आहे. वाघांचे फोटो जमवणाऱ्यांकडे तर अशा पेट्यांची चळतच असते. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटते, म्हणून फोटो हाच पुरावा. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६ हजार ८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची होती फक्त ७६ हजार ६५१. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून वेचलेला एकेक फोटो अखेर अशाच एखाद्या तबकडीवर जाऊन बसतो.

वाघाचा फोटो पुन्हा मिळेल. माणसाच्या हक्काच्या कागदाचे तसे नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर देशाला माहीत झाला तो कागदपत्रांच्या लढाईमुळे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलाचा हक्क मिळाला. पुढे गडचिरोलीत अशा गावांची संख्या हजाराच्या वर गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी मेंढ्यात अभ्यासगटांची जी परंपरा घातली, तिचा अर्थ हाच होता, की गावाने स्वतःचा कागद स्वतः वाचावा आणि स्वतः राखावा.

या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. निस्तारपत्रक चालते, उपग्रहचित्र चालते, शेतातल्या जुन्या बांधाची, विहिरीची, स्मशानाची खूण चालते. गावातल्या वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदनही चालते. शिवाय ग्रामसभेने एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घ्यावेत, असे नियमच सांगतो. ज्याने हे कलम लिहिले त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. एका कागदाच्या भरवशावर कोणाचे घर, कोणाचे जंगल ठेवू नये. आणि आज गंमत अशी, की हे सर्व वेगवेगळे पुरावे, जीपीएसचे बिंदू, नकाशे, म्हाताऱ्यांची मुद्रणे, बांबू आणि तेंदूच्या विक्रीचे हिशेब, एकाच काळ्या पेटीत गोळा होऊन बसले आहेत.

ही पेटी एके दिवशी बंद पडते. संगणकाला जोडली, की पाटी येते: ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.’ माणसाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी नेमके काय बिघडलेले असते, हे मी एका बँकवाल्याच्या भाषेत सांगतो.

आमच्या वेळी शाखेत जाडजूड लेजर असत. प्रत्येक लेजरच्या सुरुवातीला इंडेक्स असे: अमुक खातेदार, अमुक पान. समजा कोणी इंडेक्सची पाने फाडली. खातेदारांचे पैसे बुडाले का? मुळीच नाही. पाने जागेवर आहेत, आकडे जागेवर आहेत. फक्त कोण कुठे हे सांगणारे गेले. डिस्कवरही असेच एक अनुक्रमणिकेचे कोष्टक असते. फाइल पुसली म्हणजे मजकूर खोडला जात नाही. जुन्या फॅट पद्धतीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण घातली जाते आणि ती जागा मोकळी म्हणून दाखवली जाते, एवढेच. ‘क्विक फॉरमॅट’ केले तर जुनी अनुक्रमणिका टाकून कोरी घातली जाते; मागची पाने तशीच राहतात. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट मात्र वेगळी. आजच्या विंडोजमध्ये ते सगळ्या पानांवर शून्ये लिहीत जाते, आणि मग शोधण्यासारखे काही उरत नाही.

लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा कोणी घाईत वायर उपटली, की अनुक्रमणिका अर्धवट लिहिलेली राहते. देशाला वीज पुरवणारे २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चंद्रपुरात आहे. पण त्याच्या धुराड्यांच्या मागच्या जंगलातल्या गावांत दिवा केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे आपल्याकडच्या ‘करप्ट’ झालेल्या पेट्यांपैकी पुष्कळशा मेलेल्या नसतात. त्यांची इंडेक्स तेवढी फाटलेली असते. खरा घात होतो तो पुढच्या तासाभरात, आपल्याच घाईमुळे. कारण मोकळी म्हणून दाखवलेल्या जागेवर नवे काही लिहिले, की खालचा मजकूर कायमचा गेला.

दोन पावसाळ्यांपूर्वी गडचिरोलीकडच्या एका ग्रामसभेचे काम पाहणारा तरुण माझ्याकडे आला. त्याच्या पेटीवर हीच पाटी आली होती. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात नेल्यावर दुकानदाराने ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणून मारून दिले, आणि पेटी ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर दोन सिनेमेही उतरवले. ‘आता कसं करू जी काका?’ असे विचारताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पाच वर्षांचे काम त्या पेटीत होते. माझ्या एका मित्राचा मुलगा नागपुरात संगणकाचे काम करतो. त्याने पेटी हातात घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्यावर काहीही न लिहिणे. तिची जशीच्या तशी, बिंदूबरहुकूम नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवली, मूळ पेटी बाजूला ठेवली आणि सगळे प्रयोग नकलेवर केले.

वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर हा क्रम लक्षात ठेवावा: आधी थांबा, मग नक्कल, मग शोध. नक्कल उतरवण्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो आधी निरोगी भाग वाचून घेतो आणि दुखऱ्या भागाकडे नंतर वळतो. चांगला डॉक्टर जखम शेवटी दाबून पाहतो तसा. फाटलेली इंडेक्स दुरुस्त करण्यासाठी ‘टेस्टडिस्क’ आहे. तेही जमले नाही, तर ‘फोटोरेक’ आहे. तो इंडेक्सकडे पाहतच नाही. तो एकेक पान उलटतो आणि मजकुराच्या चेहऱ्यावरून ओळखतो: हा फोटो, ही पीडीएफ, हे ध्वनिमुद्रण. कारण प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होते, जशी आपली जुनी पत्रे ‘श्री’काराने होत.

त्या तरुणाचे बरेचसे फोटो असे परत आले, पण नावे गेली. ‘तळ्याजवळची सीमा’, ‘देवराईची वाट’ अशी जी नावे त्याने हौसेने दिली होती, त्यांच्या जागी नुसते क्रमांक. सिनेमांखाली दबलेला भाग तर गेलाच. दोन वर्षांचे हिशेब त्यात होते. ते पुढे बँकेच्या उताऱ्यांवरून आणि व्यापाऱ्याकडच्या पावत्यांवरून पुन्हा मांडावे लागले. फोटोंच्या पोटात तारीख आणि काहींच्या पोटात अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात, ते शाबूत होते. बाकीचे काम गावातल्या म्हाताऱ्यांनी केले. समाजमंदिरात पडद्यावर एकेक फोटो दाखवायचा आणि त्यांनी सांगायचे: हे मोहाचे झाड अमक्याच्या बांधावरचे, ही दगडांची ओळ म्हणजे जुनी शीव. चार संध्याकाळींत बहुतेक फोटोंना नावे मिळाली. फाटलेली इंडेक्स त्या पाचसहा पिकलेल्या डोक्यांत सुरक्षित होती. मात्र ही माणसे आणखी किती वर्षे सांगायला असणार, याचा विचार त्या पोराने केला असेलच.

हा झाला इंडेक्सचा आजार. दुसरा आजार शरीराचा. हार्ड डिस्कमध्ये काचेची किंवा अॅल्युमिनियमची गुळगुळीत तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेत असते आणि तिच्यावर वाचणारे डोके, ‘हेड’, तरंगत असते. दोघांतले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास. पेटी टेबलावरून पडली, की हे डोके तबकडीवर आपटते. मग घड्याळासारखा ‘टक्-टक्’ आवाज येऊ लागतो. तो आला, की पेटी पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे म्हणजे ओल्या पाटीवर नखे ओढणे. अशी पेटी उघडायची ती धूळमुक्त प्रयोगशाळेतच, तशाच जातीच्या दुसऱ्या पेटीचे डोके बसवून. असे काम मोठ्या शहरांत होते आणि ते स्वस्त नसते.

आमच्या भागात दोन शत्रू आणखी आहेत. एक ऊन. अशा अनेक पेट्यांच्या माहितीपत्रकावर चालवण्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेले असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत काय होते ते सांगायला नको. दुसरा पूर. पर्लकोटेला पाणी आले, की भामरागड जगापासून तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात एकाहून अधिक वेळा तुटले. पुरात भिजलेली पेटी लोक उन्हात वाळवतात किंवा तांदळाच्या पिंपात खुपसतात. दोन्ही चूक. पाणी वाळते तेव्हा त्यातला गाळ तबकडीला चिकटून बसतो. जाणकार सांगतात, की भिजलेली पेटी चालू न करता, न वाळवता, बंद पिशवीत ओलसरच ठेवावी आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावी. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ‘लवकरात लवकर’ या शब्दांचा अर्थही आमच्याकडे वेगळा.

आणखी दोन गोष्टी. अलीकडच्या काही पेट्यांत मजकूर आपोआप कुलूपबंद भाषेत लिहिला जातो आणि त्याची किल्ली वायर जोडायच्या पट्टीवरच असते. ती पट्टी फेकून आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घातली, तर हाती नुसता गोंगाट येतो. आणि तबकडी नसलेल्या नव्या एसएसडी पेट्यांत पुसलेला मजकूर बहुतेक वेळा यंत्र स्वतःच साफ करून टाकते. तिथे इंडेक्स फाटली, तर मागची पानेही टिकतील याचा भरवसा नाही.

तरीही तबकडीची चिवटता पाहून थक्क व्हायला होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्यात गेले ते कोलंबिया यान आकाशात फुटले. टेक्ससमध्ये विखुरलेल्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क मिळाली. तिच्यावर झेनॉन वायूच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. तज्ज्ञांनी त्यांपैकी सुमारे ९९ टक्के परत मिळवल्या आणि २००८ साली तो शोधनिबंध छापून आला. तबकडीचा जो भाग भाजला होता तो सुदैवाने कोरा होता आणि डॉस या जुन्या पद्धतीने सगळा मजकूर एका बाजूला सलग लिहिला होता. आकाशातून पडलेले वाचले. पण वाचले ते नशिबाने, आणि नशीब ही काही कामाची पद्धत नव्हे.

मजकूर परत मिळाला, तरी मराठी माणसापुढे एक जादा संकट असते. १९९० च्या दशकात आपण श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर टंकलिखाण केले. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. ती फाइल आज उघडली आणि तो फाँट संगणकावर नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अनेक जण ‘फाइल करप्ट आहे’ म्हणून ती टाकून देतात. ती भ्रष्ट नसते. तिची भाषा जाणणारा जवळ नसतो, इतकेच. मूळ फाँट बसवून किंवा युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम वापरून ती वाचता येते. माझ्या पहिल्या कादंबरीची दोन प्रकरणे मी अशीच वाचती केली. तेव्हा घरातल्या जुन्या सीडी, जुन्या पेट्या फेकण्यापूर्वी एकदा हे करून पाहावे.

या सगळ्याचा आमच्या भूमीशी जुना संबंध आहे. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड लोकांत हिंडून पुष्कळ टिपणे केली होती. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. माणूस गेला, हस्तलिखित टिपणे मागे राहिली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ साली छापली आणि गोंडांच्या लिंगोची गाथा मूळ गोंडीसह ग्रंथात आली. टिपणे माणसापासून वेगळ्या जागी होती म्हणून ती उरली. उलट २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचा जीव गेला आणि असंख्य नस्त्या जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत जिल्ह्याला किंवा दुसऱ्या कचेरीत होती, तो पुन्हा उभा करता येत होता. ज्याची नव्हती, त्याच्यासाठी कोणतीही प्रयोगशाळा नसते.

आमच्या बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा जो नियम होता त्याची किंमत मला निवृत्तीनंतर अधिक कळली. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडे आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. त्यांचा दुसरा संच मोहोरबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे. आणि तो ठरावीक मुदतीने बाहेर काढून, कुलपाला लावून पाहिला जाई. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो कित्येक दिवस नीट लिहिलाच जात नव्हता, आणि कोणी तपासले नव्हते. चित्रपट वाचला तो बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर दुसरी प्रत होती म्हणून. न तपासलेला बॅकअप म्हणजे कुलपाला न लावून पाहिलेली किल्ली.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला एक नियम जगभर वापरला जातो: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. गडचिरोलीच्या भाषेत सांगायचे, तर एक प्रत ग्रामसभेच्या संगणकावर. दुसरी पेटीत, पण शेजारच्या गावाच्या ग्रामसभेकडे, जशी आपण त्यांची ठेवू. आणि तिसरी, नकाशा, ठराव, हक्काचा दाखला आणि वर्षाचा ताळेबंद एवढ्यापुरती तरी, कागदावर छापून सही-शिक्क्यासह. कागदाला वीज लागत नाही. या व्यवस्थेला येणारा खर्च म्हणजे एक जादा पेटी आणि छपाईचे थोडे पैसे. प्रयोगशाळेच्या एका बिलात अशा कैक पेट्या येतील.

आणि तपासणीसाठी नवा मुहूर्तही शोधायला नको. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतातच. १ मे म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी महिनाभर. २ ऑक्टोबर म्हणजे पूर ओसरल्यावर. या दोन सभांच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी: ‘नोंदींच्या प्रती उघडून पाहणे.’ सर्वांसमोर पेटी जोडावी, दहा फाइली उघडाव्यात, दोन फोटो दाखवावेत, म्हाताऱ्यांना विचारावे हे कुठले, आणि त्यांनी सांगितलेले तिथल्या तिथे लिहून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. १ मेला सुरुवात करावी.